गुणांवर किती विसंबावे? : समुपदेशनातील मानसशास्त्रीय चाचण्या आणि विश्वसनीयतेची कसोटी

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या वतीने दहावीच्या विद्यार्थ्यांची जी कल चाचणी घेतली गेली, तिच्याइतका व्यापक मानसशास्त्रीय मापनाचा प्रयोग राज्यात क्वचितच झाला असेल. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने राबवलेल्या या चाचणीतून कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे याचा शोध घेतला जाई. पुढे तिला अभिक्षमतेची, म्हणजे विशिष्ट प्रकारची कौशल्ये आत्मसात करण्याच्या क्षमतेची, जोड देण्यात आली. पुण्या-मुंबईच्या शाळांत जी चाचणी झाली तीच पुणे जिल्ह्यातील चेलाडीहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नसरापूरच्या आणि त्यापलीकडच्या खोऱ्यांतील मुलामुलींनीही दिली, आणि 'तुमचा कल अमुक क्षेत्राकडे आहे' असे सांगणारा अहवाल घरोघरी पोहोचला.

असा अहवाल हाती आल्यावर पालक आणि शिक्षक सहसा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे आता कोणत्या शाखेला प्रवेश घ्यावा. त्याआधी विचारायला हवा असा दुसरा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो : हीच चाचणी याच विद्यार्थिनीने तीन आठवड्यांनी पुन्हा दिली, किंवा तिला याच धर्तीचे पण वेगळे प्रश्न विचारले गेले, किंवा तिची उत्तरे दुसऱ्या समुपदेशकाने तपासली, तर अहवाल तसाच राहील काय? मानसशास्त्रीय मापनात या प्रश्नाच्या उत्तराला विश्वसनीयता म्हणतात. वरच्या वाक्यात 'किंवा' हा शब्द दोनदा आला आहे, म्हणजे तेथे एका प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर काढण्याची रीत निराळी आहे. कोणती रीत कोठे वापरावी हे ठरवता आले नाही, तर समुपदेशनातील संशोधन आकड्यांनी भरलेले पण आधाराने पोकळ राहते.

गुण आणि त्रुटी

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या विचारातून या विषयाचा पाया घातला गेला. प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांमागे दोन गोष्टी असतात, एक व्यक्तीचे 'खरे' गुण आणि दुसरी त्यांत मिसळलेली त्रुटी, असे या विचाराचे सार आहे. खरे गुण कोणालाच दिसत नाहीत. तीच व्यक्ती अगणित वेळा तपासता आली असती तर जी सरासरी निघाली असती, तिला खरे गुण मानले जाते. एका गटातील व्यक्तींच्या गुणांत जी तफावत दिसते, तिच्यातील किती हिस्सा खऱ्या गुणांतील फरकामुळे आहे हे सांगणारा ० ते १ या मर्यादेतील आकडा म्हणजे विश्वसनीयता गुणक होय. तो ०.८४ असेल, तर त्या गटात दिसणाऱ्या तफावतीपैकी ८४ टक्के खरी आणि १६ टक्के त्रुटीतून आलेली, असा त्याचा अर्थ होतो.

येथे त्रुटी म्हणजे कोणाची चूक नव्हे. परीक्षेच्या दिवशी असलेला ताप, वर्गातील गोंगाट, एखाद्या विधानाचा न उमगलेला अर्थ, घाईने दाबलेले बटण, गुण देणाऱ्याचा कडक किंवा सैल हात, हे सारे त्रुटीत मोडते. अशी त्रुटी कधी गुण वाढवते, कधी घटवते, आणि तिचा नेम सांगता येत नाही. जी चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते ती मात्र विश्वसनीयतेच्या गणितातून निसटते. समजा, आवडीनिवडी तपासणाऱ्या एखाद्या चाचणीतील विधाने लांबलचक आणि पुस्तकी आहेत, त्यामुळे वाचनाचा सराव कमी असलेली मुले दरवेळी मधलाच पर्याय निवडतात. अशी चाचणी कितीही वेळा घेतली तरी गुण सारखेच येतील आणि विश्वसनीयता उत्तम दिसेल, पण मोजली गेली असेल ती आवड नव्हे, वाचनाची सवय. जे मोजायचे तेच मोजले गेले आहे काय, हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे. सप्रमाणतेसाठी विश्वसनीयता आवश्यक असते, पण केवळ विश्वसनीयता असल्याने सप्रमाणता सिद्ध होत नाही.

मराठी मुलखातील परंपरा

ही चर्चा मराठी प्रदेशाला नवी नाही. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत' या नावाने ती चाचणी पुढे देशभरातील रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत रुळली. मानसशास्त्रज्ञ वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीला नागपूरचे डॉ. ए. जे. मालिन यांनी भारतीय रूप दिले आणि त्यांची श्रेणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यवसाय मार्गदर्शनाच्या क्षेत्रात मुंबईच्या पारशी पंचायतीने १९४७ मध्ये स्वतःचे केंद्र उघडले होते आणि १९५० मध्ये तत्कालीन मुंबई सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या निवडीसाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा आधार घेऊन चाचण्या विकसित केल्या. बुद्धीच्या १२० वेगवेगळ्या क्षमता कल्पिणारे हे प्रतिमान असल्यामुळे तेथे एकाच बेरजेवर भागत नाही, प्रत्येक क्षमतेच्या उपचाचणीची विश्वसनीयता स्वतंत्रपणे पाहावी लागते.

मुलाची बुद्धी, किशोराची आवड, प्रौढाची खिन्नता आणि समुपदेशकाचे कौशल्य या मोजायच्या चार गोष्टी इतक्या भिन्न प्रकृतीच्या आहेत की त्यांना एकच मोजपट्टी लावणे गैर ठरते. बुद्धी महिनाभरात फारशी बदलत नाही, आवड पंधराव्या वर्षी अजून घडत असते, खिन्नता पंधरवड्यात उतरू शकते आणि कौशल्य तर पाहणाऱ्याच्या नजरेतूनच मोजले जाते. म्हणून निवडीचा पहिला नियम असा की आधी मोजायची गोष्ट कशी आहे आणि तिच्या मापनात कोणती त्रुटी सर्वांत घातक ठरेल हे ठरवावे. विश्वसनीयतेचे माप त्यानंतर आपोआप पुढे येते.

काळाची त्रुटी

गुण काळाच्या ओघात टिकतात काय हे पाहण्यासाठी चाचणी-पुनर्चाचणी पद्धत वापरतात. तीच चाचणी त्याच गटाला काही अंतराने दोनदा देऊन दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांबरोबर किती बदलतात याचा आकडा, काढणे, एवढीच ही रीत दिसायला सोपी आहे. सारा कस लागतो तो अंतर ठरवताना. अंतर फार कमी असेल तर मागची उत्तरे आठवून पुन्हा तशीच दिली जातात आणि विश्वसनीयता फुगते. फार जास्त असेल तर मोजायची गोष्टच मधल्या काळात बदललेली असते आणि चाचणीवर विनाकारण ठपका येतो.

खिन्नतेच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात नऊ प्रश्न असतात, मागील दोन आठवड्यांत तो त्रास किती वेळा झाला हे विचारले जाते, 'अजिबात नाही' ते 'जवळजवळ रोज' अशा चार पर्यायांना ० ते ३ गुण मिळतात आणि एकूण गुण ० ते २७ या दरम्यान येतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात पुनर्चाचणी ४८ तासांच्या आत घेतली गेली आणि सहसंबंध ०.८४ आला. इतके कमी अंतर येथे योग्यच ठरते, कारण दोन आठवड्यांची मनःस्थिती मोजणाऱ्या प्रश्नावलीची पुनर्चाचणी दोन महिन्यांनी घेतली तर मोजली जाईल ती व्यक्तीतील सुधारणा किंवा बिघाड, चाचणीची स्थिरता नव्हे.

नसरापूरच्या आसपास, भोर-वेल्ह्याच्या भागात, या अंतराला शेतीचे वेळापत्रकही लागू होते. पीएचक्यू-९ मध्ये झोपेविषयी, थकव्याविषयी आणि भुकेविषयी स्वतंत्र प्रश्न आहेत. भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकून काम करणारी स्त्री 'थकवा जवळजवळ रोज' असे म्हणेल, पण ते उत्तर तिच्या मनाविषयी फारसे काही सांगत नाही. पहिली चाचणी लावणीपूर्वी आणि दुसरी ऐन लावणीत घेतली, तर खाली येणारा सहसंबंध प्रश्नावलीचा दोष म्हणून मांडणे अन्यायाचे होईल. ज्या संशोधकाला नसरापूरच्या परिसरात अशी प्रश्नावली वापरायची आहे, त्याने दोन्ही चाचण्या एकाच हंगामात बसवायला हव्यात आणि त्या केव्हा घेतल्या हे अहवालात नोंदवायला हवे.

सहसंबंधाची आणखी एक मर्यादा येथे लक्षात ठेवावी लागते. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण नेमके पाचाने वाढले, तरी सर्वांचा क्रम आणि अंतरे तीच राहिल्यामुळे सहसंबंध पूर्ण १ येतो. क्रम टिकला एवढेच तो सांगतो. गुण टिकले की नाही हे सांगत नाही. सरावाने गुण वाढण्याची शक्यता असलेल्या अभिक्षमता चाचण्यांत म्हणूनच दोन्ही वेळच्या सरासऱ्याही शेजारी मांडाव्यात, किंवा प्रत्यक्ष गुणांचा मेळ तपासणारा वर्गांतर्गत सहसंबंध गुणक वापरावा.

प्रश्नांची त्रुटी

दुसरा प्रश्न विधानांच्या निवडीचा आहे. एखाद्या गुणविशेषावर विचारता येतील अशा शेकडो प्रश्नांतून चाचणीकार वीस-पंचवीसच निवडतो. दुसरे वीस निवडले असते तर गुण बदलले असते काय? यासाठी समतुल्य प्रश्नांचे दोन संच तयार करून दोन्ही देण्याची रीत आहे, पण ती खर्चिक असल्याने एकाच चाचणीचे दोन भाग करून, बहुधा सम आणि विषम क्रमांकाचे प्रश्न वेगळे काढून, त्यांच्यातील सहसंबंध पाहण्याची अर्धविच्छेद पद्धत रूढ झाली. अर्धी चाचणी पूर्ण चाचणीपेक्षा कमी विश्वसनीय असते म्हणून स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्राने दुरुस्ती करतात. दोन अर्ध्यांतील सहसंबंध ०.७० असेल तर पूर्ण चाचणीची विश्वसनीयता सुमारे ०.८२ निघते. बरोबर किंवा चूक अशीच उत्तरे असणाऱ्या चाचण्यांसाठी कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये सूत्र दिले आणि ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये तोच विचार बहुपर्यायी विधानांपर्यंत नेऊन 'आल्फा' हे माप रूढ केले.

आज पदव्युत्तर प्रबंधांत विश्वसनीयता म्हणून बहुतेक वेळा आल्फाच दिसतो, कारण त्यासाठी चाचणी एकदाच घ्यावी लागते आणि संगणक क्षणात आकडा काढून देतो. पण आल्फा सांगतो ती केवळ अंतर्गत सुसंगती, म्हणजे चाचणीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात एवढेच. काळाच्या त्रुटीविषयी आणि परीक्षकाच्या त्रुटीविषयी तो अवाक्षर काढत नाही.

शिवाय हा आकडा दोन मार्गांनी फसवतो. पहिला मार्ग लांबीचा आहे. विधानांमधील सरासरी सहसंबंध केवळ ०.२० असला, तरी दहा विधानांचा आल्फा ०.७१, वीस विधानांचा ०.८३ आणि चाळीस विधानांचा ०.९१ येतो, विधाने सुधारली नाहीत, फक्त वाढली. दुसरा मार्ग एकजिनसीपणाच्या गैरसमजाचा आहे. समजा, दहा विधाने यंत्रांच्या आवडीवर आणि दहा संगीताच्या आवडीवर आहेत, प्रत्येक दहांत आपसांतील सहसंबंध ०.४० आहे आणि दोन्ही गटांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. या वीसांचा मिळून आल्फा काढला तर तोही ०.८२ येतो. त्यामुळे आल्फा मोठा आहे म्हणून चाचणी एकच गोष्ट मोजते असे म्हणता येत नाही. कल चाचणीसारख्या सात क्षेत्रांच्या साधनाची विश्वसनीयता एका आकड्यात सांगण्याला म्हणूनच अर्थ उरत नाही. ती क्षेत्रागणिक सांगावी लागते. सर्व विधाने खऱ्या गुणांशी सारख्याच प्रमाणात बांधलेली आहेत हे आल्फामागील गृहीत प्रत्यक्षात क्वचितच खरे ठरत असल्यामुळे, विधानागणिक वेगळे वजन लक्षात घेणारे रॉडरिक मॅक्डॉनल्ड यांचे 'ओमेगा' हे माप अलीकडे अधिक योग्य मानले जाते.

आल्फा कोठे लावूच नये याचीही दोन ठळक उदाहरणे आहेत. वेळेच्या दडपणाखाली सोडवायच्या चाचणीत विद्यार्थी जेथवर पोहोचतो तेथवरची उत्तरे बरोबर आणि पुढची कोरी असतात, त्यामुळे सम-विषम भाग आपोआप जुळतात आणि सुसंगती कृत्रिमपणे वाढते; तेथे पुनर्चाचणी किंवा स्वतंत्र वेळ दिलेले समतुल्य संच हाच मार्ग आहे. दुसरे उदाहरण ताणाच्या प्रसंगांच्या यादीचे आहे. पीक बुडाले काय, कर्ज आहे काय, घरात आजारपण आहे काय, कोणी दगावले काय, अशा प्रश्नांच्या यादीत एका प्रश्नाला 'होय' म्हणणाऱ्याने दुसऱ्यालाही 'होय' म्हणावे अशी अपेक्षाच नसते. येथे आल्फा कमी आला तर यादी वाईट ठरत नाही, आणि तो वाढवण्यासाठी 'न जुळणारे' प्रश्न गाळले तर उलट यादीची उपयुक्तताच कमी होते. अशा यादीसाठी त्याच व्यक्तीने थोड्या दिवसांनी तीच माहिती दिली काय, किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीची माहिती तिच्याशी जुळते काय, हे पाहणे योग्य.

परीक्षकाची त्रुटी

समुपदेशनाच्या संशोधनात अनेकदा गुण देणारा माणूस हेच मोजमापाचे साधन असते. मुलाखत ऐकून लक्षणांची तीव्रता ठरवणे, मुलाने काढलेल्या चित्राचा अर्थ लावणे, सत्राच्या ध्वनिमुद्रणावरून समुपदेशकाचे कौशल्य जोखणे, या सर्व ठिकाणी दोन परीक्षकांचे एकमत किती हाच कळीचा प्रश्न असतो. गोव्यात 'संगत' या संस्थेच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. तेथे तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण खास प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांनी मदत केली. त्यांच्या कामाचा दर्जा राखण्यासाठी सत्रांचे ध्वनिमुद्रण करून ते समुपदेशकांनी एकमेकांत ऐकावे आणि ठरावीक श्रेणीवर गुण द्यावेत अशी पद्धत बसवण्यात आली, आणि सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी किती जुळतात हेही तपासले गेले. ही जुळणी नसती तर तज्ज्ञांवाचून चालणाऱ्या देखरेखीची कल्पनाच उभी राहिली नसती.

एकमत मोजताना टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे असते. समजा, शाळेतील १०० मुलांपैकी कोणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे हे दोन समुपदेशक स्वतंत्रपणे ठरवतात आणि दोघेही प्रत्येकी १० मुले निवडतात. त्यांपैकी फक्त ४ मुले दोघांच्याही यादीत आहेत, ८४ मुले दोघांनीही वगळली आहेत आणि उरलेल्या १२ मुलांबाबत मतभेद आहे. एकमत ८८ टक्के दिसते. पण दोघांनी डोळे मिटून दहा-दहा नावे उचलली असती, तरीही सरासरी ८२ टक्के एकमत झालेच असते, कारण बहुतेक मुले दोघांच्याही यादीबाहेर राहणारच होती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला 'कप्पा' हा गुणक योगायोगाचे हे एकमत वजा करतो. या उदाहरणात तो जेमतेम ०.३३ येतो. ज्या मुलांना मदतीची गरज आहे त्यांच्याबाबतीत दोन समुपदेशकांचे फारसे पटत नाही, हे सत्य टक्केवारीने झाकले होते.

पर्याय 'सौम्य, मध्यम, तीव्र' असे चढत्या क्रमाचे असतील तर एका पायरीचा मतभेद आणि दोन पायऱ्यांचा मतभेद यांना वेगळे वजन देणारा भारित कप्पा वापरतात. गुण आकड्यांत असतील तर वर्गांतर्गत सहसंबंध गुणक लागतो. श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये त्याचे सहा प्रकार स्पष्ट केले, त्यामुळे कोणता प्रकार वापरला हे न सांगता नुसता आकडा देणे अपुरे ठरते. संशोधनात तीन परीक्षकांची सरासरी घेतली असेल तर तिची विश्वसनीयता मोठी दिसते, पण प्रत्यक्ष शाळेत एकच समुपदेशक गुण देणार असेल तर एका परीक्षकासाठीचा आकडाच उपयोगाचा असतो.

किती म्हणजे पुरेसे?

०.७० असले की पुरे, असे विधान अनेक प्रबंधांत जम नॅनली यांच्या नावाने आढळते. नॅनली यांनी आपल्या ग्रंथाच्या १९७८ च्या आवृत्तीत ही मर्यादा संशोधनाच्या प्रारंभिक टप्प्यापुरती सांगितली होती. मूलभूत संशोधनासाठी ०.८० आणि एका व्यक्तीच्या भवितव्याचा निर्णय गुणांवर अवलंबून असेल तेथे किमान ०.९०, शक्य तर ०.९५, अशी त्यांची अपेक्षा होती. या पायऱ्यांमागे स्पष्ट तर्क आहे. गटाची सरासरी काढताना व्यक्तींच्या त्रुटी एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात, एका मुलाच्या बाबतीत मात्र त्रुटी संपूर्णपणे त्याच्याच माथी बसते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या 'विश्राम' या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मूल्यमापन पीएचक्यू-९ च्या आधारे, गावपातळीवरील सर्वेक्षणांतून झाले आणि खिन्नतेने त्रस्त लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. अशा सामूहिक निष्कर्षासाठी जी विश्वसनीयता पुरते, ती एका व्यक्तीला 'तू बरा झालास' असे सांगायला पुरेलच असे नाही.

व्यक्तीच्या पातळीवर खरी उपयोगी पडते ती मापनाची प्रमाण त्रुटी. विश्वसनीयता १ मधून वजा करावी, उत्तराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला गुणांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या मापाने, गुणावे, एवढेच तिचे गणित आहे. मालिन यांच्या श्रेणीची एकूण बुद्ध्यंकासाठी पुनर्चाचणी विश्वसनीयता ०.९१ सांगितली जाते. प्रमाण विचलन १५ धरले तर प्रमाण त्रुटी ४.५ निघते. मुलाचा बुद्ध्यंक ७४ आला तर त्याचे खरे गुण सुमारे ६५ ते ८३ या पट्ट्यात असावेत एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ७० या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे मुलाची ओळख आणि सवलती बदलत असतील, तर ०.९१ सारख्या उत्तम विश्वसनीयतेनेही एकट्या चाचणीवर निर्णय सोपवता येत नाही, हे या गणितातून उघड होते.

समुपदेशनाने फरक पडला काय, हा प्रश्नही याच वाटेने सुटतो. जेकबसन आणि ट्रुअक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या 'विश्वसनीय बदल निर्देशांका'नुसार आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही मापनांतील त्रुटी जमेस धरावी लागते. पीएचक्यू-९ ची विश्वसनीयता ०.८४ आणि एखाद्या गटातील प्रमाण विचलन ५ धरल्यास एका मापनाची प्रमाण त्रुटी २ येते आणि दोन मापनांतील फरक किमान ६ गुणांचा असेल तरच तो त्रुटीपलीकडचा मानता येतो. त्या गटातील व्यक्तीचे गुण १५ वरून ११ वर आले, तर सुधारणा झाली असेलही, पण ती सिद्ध झाली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आकडा कोणाचा?

विश्वसनीयता चाचणीच्या पुस्तिकेवर उमटवलेला कायमचा शिक्का नसतो. विशिष्ट गटाने, विशिष्ट परिस्थितीत मिळवलेल्या गुणांचे ते वर्णन असते. गट बदलला की आकडा बदलतो. ०.९१ विश्वसनीयता आणि १५ प्रमाण विचलन असलेली तीच बुद्धिमापन चाचणी निवड झालेल्या हुशार मुलांच्या वर्गात घेतली आणि तेथे प्रमाण विचलन ९ इतकेच राहिले, तर प्रमाण त्रुटी तीच राहूनही विश्वसनीयता ०.७५ पर्यंत उतरते, कारण त्या मुलांतील खरा फरकच कमी असतो. उलट शहरी आणि दुर्गम भागातील, इंग्रजी आणि मराठी माध्यमांतील सर्व मुले एकत्र केली तर आकडा वाढतो, आणि तो पाहून प्रत्येक उपगटातही चाचणी तितकीच विसंबण्याजोगी आहे असा गैरसमज होतो.

नसरापूरच्या एखाद्या माध्यमिक शाळेत काम करणाऱ्या संशोधकाने म्हणून पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर काढलेला आल्फा उद्धृत करून पुढे जाणे पुरेसे नाही. आपल्याच विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून तो पुन्हा काढायला हवा. प्रश्नावली मुलांनी स्वतः वाचली की शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवली, हेही नोंदवायला हवे. पीएचक्यू-९ मध्ये झोप न येणे आणि अती झोप येणे या दोन उलट गोष्टी एकाच प्रश्नात आहेत. कागदावर वाचणारा थांबून विचार करतो, ऐकणारा बहुधा शेवटच्या शब्दांना उत्तर देतो, आणि तेथे एक नवी त्रुटी शिरते. गटाचा आकारही दुर्लक्षून चालत नाही. एका वर्गातील ३० मुलांवर पुनर्चाचणीचा सहसंबंध ०.८० आला, तर त्यामागील खरा आकडा सुमारे ०.६२ ते ०.९० यांपैकी काहीही असू शकतो, म्हणून गुणकासोबत त्याची विश्वास मर्यादा, म्हणजे तो कोणत्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे, तीही द्यावी.

या साऱ्यातून निवडीचा क्रम सरळ बांधता येतो. गुण महिन्यांनंतरही वापरायचे असतील, तर पुनर्चाचणी अनिवार्य आहे. अनेक विधानांची बेरीज करून एक गुणविशेष मोजायचा असेल, तर त्या बेरजेमागे खरोखर एकच गुणविशेष आहे याची खात्री करून मग ओमेगा किंवा आल्फा काढावा. गुण माणूस देत असेल, तर कप्पा किंवा वर्गांतर्गत गुणक हवा. निर्णय एका व्यक्तीविषयी असेल, तर यांपैकी कोणताही आकडा प्रमाण त्रुटीत रूपांतरित केल्याशिवाय वापरू नये. आणि एकाच साधनाला दोन-तीन त्रुटींचा धोका असेल, तर दोन-तीन मापे द्यावीत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

कल चाचणीच्या अहवालाचा विचार याच क्रमाने केला तर पालकांनी आणि शिक्षकांनी कोणते प्रश्न विचारायचे हे स्पष्ट होते. पंधराव्या वर्षीच्या आवडीवर अकरावीचा प्रवेश आणि पुढची काही वर्षे ठरणार असतील, तर काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या पुनर्चाचणीचा आकडा हवा. सात क्षेत्रांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक क्षेत्राची विश्वसनीयता आणि प्रमाण त्रुटी वेगळी हवी. दोन क्षेत्रांच्या गुणांतील फरकात दोन्ही बाजूंची त्रुटी एकवटत असल्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत दोन-चार गुणांचेच अंतर असेल, तर तो क्रम ठरलेला नाही असेच मानायला हवे. अशा वेळी कृषी पहिली की तांत्रिक पहिले यावर घरात वाद घालण्यापेक्षा दोन्ही वाटा खुल्या ठेवून मुलीशी सविस्तर बोलणे, तिला त्या क्षेत्रांतील कामे प्रत्यक्ष पाहू देणे आणि आवश्यक वाटल्यास वर्षभराने पुन्हा चाचणी घेणे, हा चाचणीच्या मर्यादा ओळखून केलेला तिचा योग्य उपयोग ठरेल.